स्टेरॉइड संप्रेरके पेशीत ‘आपोआप’ शिरतात, हे अर्धेच खरे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्टेरॉइड संप्रेरकांविषयी काहीही लिहायचे झाले की एक वाक्य हमखास येते: ‘ही संप्रेरके मेदात विरघळतात, म्हणून ती पेशीपटलातून आपोआप आत शिरतात, त्यांना वाहक प्रथिनांची गरज नसते.’ पाठ्यपुस्तकांत ते आहे, परीक्षेच्या उत्तरांत आहे, वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतही आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. काही स्टेरॉइडांपुरती खरी असलेली गोष्ट सगळ्या स्टेरॉइडांना, सगळ्या पेशींना आणि आत-बाहेर अशा दोन्ही दिशांना सरसकट लावली जाते. उरलेल्यांची ने-आण पटलात बसलेली प्रथिने करतात. त्या प्रथिनांमुळे औषधाचा परिणाम बदलतो, मेंदूत किती कॉर्टिसॉल पोहोचते ते ठरते, गर्भारपणात वारेला इस्ट्रोजेनसाठी कच्चा माल मिळतो. एवढे सगळे एका सोप्या वाक्याखाली झाकले जात असेल, तर ते वाक्य दुरुस्त व्हायला हवे.

आधी त्यातला खरा भाग. पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. त्याचा मधला, पाण्याला दूर ठेवणारा तेलकट गाभा जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. तो ओलांडताना रेणूला आपल्याभोवतीचे पाणी सोडून यावे लागते. रेणूवरचा प्रत्येक हायड्रॉक्सिल गट पाण्याला धरून ठेवतो. म्हणून असे गट जितके जास्त, तितकी ऊर्जेची अडचण मोठी. प्रोजेस्टेरॉनवर असा एकही गट नाही. टेस्टोस्टेरॉनवर एक आहे, इस्ट्राडायॉलवर दोन. ही तिन्ही संप्रेरके प्रथिने नसलेल्या निव्वळ मेदपटलातूनही झपाट्याने पार होतात. कॉर्टिसॉलवर तीन गट आहेत; तेही पार होते, पण प्रोजेस्टेरॉनच्या मानाने सावकाश. कीटकांची कात टाकण्याची वेळ ठरवणाऱ्या २०-हायड्रॉक्सिएकडायसोनवर सहा गट आहेत. चार कड्यांचा सांगाडा या सगळ्यांचा सारखाच असतो. त्या सांगाड्यावर काय लटकले आहे हे पाहिल्याशिवाय अमुक रेणू स्वतःहून पटल ओलांडेल की नाही, हे सांगता येत नाही.

सरसकट विधान सर्वांत उघडपणे कोसळते ते सल्फेट जोडलेल्या स्टेरॉइडांपाशी. माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या स्टेरॉइड संप्रेरकांच्या कुळात सर्वाधिक प्रमाण कॉर्टिसॉलचे नसते, टेस्टोस्टेरॉनचे तर नाहीच. ते असते डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन सल्फेटचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालात ज्याला डीएचईए-एस म्हणतात त्याचे. तरुण प्रौढाच्या रक्तात ते लिटरमागे काही मायक्रोमोल असते. सल्फेट नसलेले डीएचईए मात्र नॅनोमोलमध्ये मोजावे लागते. रक्ताच्या ७.४ पीएचला सल्फेट गटावर कायम ऋण प्रभार असतो आणि असा प्रभारित रेणू तेलकट गाभ्यातून स्वतःहून जवळपास जातच नाही. म्हणजे रक्तातला स्टेरॉइडांचा सर्वांत मोठा साठा वाहकाशिवाय पेशीबाहेरच अडकून पडेल.

त्याला आत घेणारी प्रथिने आज माहीत आहेत. ओएटीपी या कुळातली ११ प्रथिने माणसात आहेत. यातले प्रत्येक प्रथिन पटलाच्या आरपार १२ वेळा वेटोळे घेते आणि मधोमध एक पोकळी तयार करते. ही पोकळी आधी पेशीच्या बाहेरच्या बाजूला उघडी असते. योग्य रेणू तिच्यात बसला की प्रथिनाचे दोन अर्ध एकमेकांवर कलतात, बाहेरची बाजू मिटते आणि आतली उघडते. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच उघड्या नसतात, म्हणून पेशीत भलतेसलते काही गळत नाही. यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा-इंधन, थेट खर्च होत नाही. यकृतातल्या ओएटीपी१बी१ या प्रथिनाची रचना इस्ट्रोन सल्फेट आत बसलेल्या अवस्थेत २०२३ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली गेली. त्यामुळे हा भाग आता अनुमानाचा राहिलेला नाही. याखेरीज सोडियमच्या ओढीवर चालणारे सोआट नावाचे वेगळे प्रथिन आहे. एसएलसी१०ए६ हे त्याचे जनुक. ते प्रामुख्याने सल्फेटवाल्या स्टेरॉइडांचीच वाहतूक करते. आत आल्यावर स्टेरॉइड सल्फेटेज हे विकर (एन्झाइम) सल्फेट तोडते आणि ग्राहीला, म्हणजे संप्रेरकाचा संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटू शकणारे, किंवा पुढे तसे बनवता येणारे स्टेरॉइड मोकळे होते.

वारेचे उदाहरण इथे फार बोलके आहे. मानवी वारेत प्रोजेस्टेरॉनपासून अँड्रोजेन बनवणारे सीवायपी१७ हे विकर पुरेसे नसते, त्यामुळे इस्ट्रोजेनचा कच्चा माल तिला बाहेरून घ्यावा लागतो. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी डीएचईए-सल्फेट बनवतात, गर्भाचे यकृत त्यावर १६व्या जागी हायड्रॉक्सिल बसवते आणि हा प्रभारित रेणू वारेच्या पेशींपाशी येतो. तिथे ओएटी४ आणि ओएटीपी२बी१ यांसारखे वाहक त्याला आत घेतात, सल्फेटेज सल्फेट काढते आणि अ‍ॅरोमॅटेज त्याचे इस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेन करते. या साखळीतले सल्फेटेज जन्मजात नसेल, तर आईच्या रक्तातले इस्ट्रिऑल लक्षणीय घटते आणि जन्मलेल्या मुलाला पुढे त्वचेवर खवले धरणारा इक्थिओसिस होतो. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने हा विकार बहुतांशी मुलग्यांत दिसतो. गर्भाच्या चाचणीत इस्ट्रिऑल कमी आले की गर्भ संकटात आहे असा निष्कर्ष लगेच काढायचा नसतो, त्याचे एक कारण हेच.

वाहक प्रथिनांची संख्या मर्यादित असते. या साध्या गोष्टीतून दोन परिणाम निघतात. पहिला, संप्रेरकाचे प्रमाण वाढवत नेले तर आत जाण्याचा वेग एका पातळीला अडतो. विसरणात, म्हणजे वाहकाविना आपोआप पसरण्यात, असे होत नाही, तिथे प्रमाण दुप्पट केले की वेगही दुप्पट होतो. दुसरा, एकाच वाहकावर अवलंबून असलेले पदार्थ एकमेकांची जागा अडवतात. ओएटीपी१बी१ मधूनच बिलिरुबिन, इस्ट्रोन सल्फेट आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे यकृतात शिरतात. सायक्लोस्पोरिन किंवा रिफाम्पिसिन या औषधांची एखादी मात्रा हा मार्ग रोखून धरते. या वाहकाच्या जनुकात ५२१व्या जागी टी या डीएनए-अक्षराऐवजी सी असेल तर प्रथिनात १७४व्या जागी व्हॅलिनऐवजी अ‍ॅलॅनिन येते आणि वाहतूक मंदावते. रोज ८० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकाच्या अशा एका प्रतीमागे स्नायूंच्या विकाराची शक्यता सुमारे साडेचार पट आढळली. सिम्व्हास्टॅटिन संप्रेरक नाही. पण ज्या वाहकाला पुस्तके स्टेरॉइडांच्या बाबतीत ‘अनावश्यक’ ठरवतात, तोच वाहक रुग्णाचे दुखणे ठरवतो हे इथे स्पष्ट दिसते.

सल्फेट नसलेल्या, प्रभार नसलेल्या स्टेरॉइडालाही वाहक लागू शकतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा फळमाशीतून आला. एकडायसोन हे कीटकसंप्रेरक बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्याच्या ५०० किलो कोषांतून वेगळे केले. हाती लागले ते फक्त २५ मिलिग्रॅम. त्यानंतर कितीतरी दशके ते पेशीत विसरणानेच जाते असे गृहीत धरले गेले. २०१८ मध्ये नाओकी यामानाका यांच्या रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने ओएटीपी७४डी या प्रथिनाची भूमिका दाखवली आणि त्याला ‘एकडायसोन इम्पोर्टर’ असे नाव दिले. हे प्रथिन काढून टाकले की रक्तद्रवात संप्रेरक असूनही पेशी त्याला प्रतिसाद देत नाहीत, अळीची वाढ थांबते आणि एकडायसोनचा ग्राहीच नसावा असे चित्र दिसते. उलट बाजूही तपासली गेली: माणसाच्या पेशींत एकडायसोनचा ग्राही घातला तरी त्या एकडायसोनला दाद देत नाहीत, पण सोबत हे वाहक प्रथिन घातले की देतात. याच ग्राहीला चिकटणारा पण स्टेरॉइड नसलेला पदार्थ दिला तर वाहकाविना काम होते. म्हणजे ग्राही शाबूत होता, अडचण आत येण्याचीच होती. २०२० मध्ये याच गटाने दाखवले की माशीच्या मेंदूभोवतीच्या अडथळ्यातूनही हे संप्रेरक याच वाहकामार्फत आत जाते.

माणसाच्या शरीरात याच्या उलट दिशेचे काम जास्त ठळक आहे: आत आलेल्या स्टेरॉइडाला बाहेर काढणे. पी-ग्लायकोप्रोटीन हा १,२८० अमिनो आम्लांचा पंप १९७६ मध्ये कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत सापडला. हा मात्र एटीपी खर्च करतो, आणि पटलाच्या आतल्या थरात शिरलेला मेदप्रिय रेणू तिथूनच उचलून बाहेर टाकतो. मानवी पी-ग्लायकोप्रोटीन कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखे कृत्रिम औषध) बाहेर टाकते, प्रोजेस्टेरॉन टाकत नाही, हे १९९२ मध्ये दाखवले गेले. प्रोजेस्टेरॉन या पंपाला चिकटते, त्याचे काम रोखतेही, पण स्वतः वाहून नेले जात नाही. एखादा रेणू प्रथिनाला चिकटतो एवढ्यावरून प्रथिन त्याची वाहतूक करते असे म्हणता येत नाही, आणि ही चूक लेखांतच काय, शोधनिबंधांतही होते.

हा पंप मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीत रक्ताकडच्या बाजूला असतो. तो नसलेल्या उंदरांत मेंदूतले कॉर्टिसॉल आणि डेक्सामेथासोन वाढते; कॉर्टिकोस्टेरॉन मात्र वाढत नाही, जरी त्यात आणि कॉर्टिसॉलमध्ये १७व्या जागच्या एका हायड्रॉक्सिलचाच फरक आहे. शरीरात कॉर्टिसॉल अवाजवी बनते का, हे तपासणाऱ्या डेक्सामेथासोन दमन चाचणीतही ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रात्री ११ च्या सुमारास १ मिलिग्रॅम गोळी देतात, सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त घेतात आणि कॉर्टिसॉल डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आले तर दमन योग्य मानतात. एवढी छोटी मात्रा प्रामुख्याने पियुषिका ग्रंथीवर काम करते, कारण ती ग्रंथी रक्त-मेंदू अडथळ्याच्या बाहेर आहे; मेंदूच्या आत तेवढे डेक्सामेथासोन पोहोचलेलेच नसते. रिफाम्पिसिन किंवा फेनिटॉइन चालू असताना यकृतातली विकरे डेक्सामेथासोन लवकर संपवतात आणि चाचणी चुकून सदोष दिसते. चाचणीपूर्वी चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना द्यावी, आणि चाचणीसाठी कुठलेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

विसरण वेगवान असेल तर पंपाचा काय उपयोग, असा प्रश्न योग्यच आहे. पंपाने बाहेर टाकलेला रेणू क्षणात परत येत असेल तर पंप फुकट एटीपी जाळतो. म्हणूनच पंपाचा परिणाम दिसतो तो कॉर्टिसॉलसारख्या जरा संथ रेणूंवर आणि केशवाहिन्यांसारख्या घट्ट सांध्यांच्या भिंतीत. हा हिशेब विसरण आणि वाहतूक यांच्या वेगांच्या तुलनेचा आहे; ‘एक तर हे, नाही तर ते’ असा नाही.

वाहक आहे की नाही हे ठरवणारा प्रयोग सोपा वाटतो, आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. पद्धत साधारण अशी. एचईके२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचे दोन संच घ्यायचे, एकात वाहकाचे जनुक, दुसऱ्यात रिकामे प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारे डीएनएचे वर्तुळ). रक्तद्रव नसलेल्या, ७.४ पीएचच्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला ट्रिटियमने खूण केलेले स्टेरॉइड द्यायचे. १५ सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेगवेगळ्या वेळी बर्फासारख्या थंड द्रावणाने तीनदा धुऊन थांबवायचे, पेशी विरघळवायच्या, किरणोत्सार मोजायचा आणि तो प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे मांडायचा. रिकाम्या पेशींचा आकडा वजा केल्यावर जे उरते ते वाहकाचे काम.

आता बिघडते कुठे? स्टेरॉइडे प्लास्टिकला आणि पटलाच्या पृष्ठभागाला चिकटतात; पहिल्या धुण्यात अल्ब्युमिन घातले नाही तर चिकटलेलेच ‘आत गेलेले’ म्हणून मोजले जाते. द्रावणात रक्तद्रव राहिला तर बहुतेक संप्रेरक त्यातल्या प्रथिनांना बांधले जाते आणि मोकळे प्रमाण कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी असते. रक्तातही टेस्टोस्टेरॉनचा मोकळा भाग जेमतेम २ टक्के आणि कॉर्टिसॉलचा ५ टक्क्यांच्या आसपास असतो, हे विसरायला नको. प्रयोग अर्धा तास चालवला तर पेशीतली विकरे स्टेरॉइडाचे रूपांतर करतात, रूपांतरित रेणू आतच अडकतो आणि विसरणाचे आकडे वाहतुकीसारखे दिसू लागतात. किरणोत्साराच्या मोजणीला मूळ रेणू आणि रूपांतरित रेणू यांतला फरक कळत नाही, त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन लागते. पेशीत ग्राही भरपूर असतील तर त्यांचे भरून जाणेही वाहक भरून गेल्यासारखे भासते. ४ अंशांवर आत जाणे थांबले म्हणून वाहक सिद्ध झाला, असेही नाही. थंडीत पटल घट्ट होते आणि विसरणही मंदावते. इस्ट्रोजेनच्या प्रतिसादावर प्रयोग असेल तर माध्यमात फिनॉल रेड नको, कारण त्या रंगद्रव्यासोबत आलेली अशुद्धी स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागते.

पंपासाठी पद्धत बदलते. पेशीपटलापासून बनवलेल्या, आतली बाजू बाहेर आलेल्या पुटिकांना (सूक्ष्म पिशव्यांना) एकदा एटीपी आणि एकदा ऊर्जा न देणारे एएमपी देऊन फरक पाहतात. ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडलेल्या स्टेरॉइडांना ही पद्धत उत्तम. द्रावणात सुक्रोज वाढवून पुटिका आकसवल्यावर आकडा घटला तर स्टेरॉइड खरोखर आत होते, घटला नाही तर नुसते चिकटलेले होते. कॉर्टिसॉल मात्र अशा पुटिकांतून गळून जाते. त्यासाठी एमडीसीके किंवा कॅको-२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींचा सलग थर जाळीवर वाढवून दोन्ही दिशांचा वेग मोजतात. बाहेर फेकण्याच्या दिशेचा वेग किमान दुप्पट निघाला आणि झोसुक्विडारसारख्या रोधकाने तो फरक मिटला, तरच पंपाचे नाव घ्यावे.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही नको. कॉर्टिसॉल किंवा टेस्टोस्टेरॉन पेशीत नेणारा एखादा वाहक जन्मतः नसल्याने संप्रेरकाचाच परिणाम हरपतो, असा ठळक मानवी आजार वैद्यकाच्या पुस्तकांत नाही. ओएटीपी१बी१ आणि ओएटीपी१बी३ दोन्ही नसलेल्या व्यक्तींना रोटर सिंड्रोम होतो. त्यात सौम्य कावीळ दिसते, आयुष्याला धोका नसतो. थायरॉइड संप्रेरकांची गोष्ट वेगळी. तीही विसरणानेच जातात असा समज होता, पण २००३ मध्ये एमसीटी८ हा वाहक ओळखला गेला. १९४४ पासून माहीत असलेल्या अ‍ॅलन-हर्नडन-डडली सिंड्रोमचे मूळ त्याच्याच दोषात आहे हे पुढच्याच वर्षापासून स्पष्ट होत गेले. हा विकार असलेल्या मुलग्यांच्या रक्तात टी३ हे थायरॉइड संप्रेरक जास्त असते आणि मेंदू मात्र त्यासाठी उपाशी राहतो. स्टेरॉइडांबाबत इतके थेट नाते माणसात दिसलेले नाही, आणि तसे दिसले असल्याचा दावा कोणी करू नये.

म्हणून विनंती अशी की आपल्या विज्ञान-आरोग्य मजकुरात हे वाक्य पुढे असे छापावे: ‘प्रभार नसलेली, मेदप्रिय स्टेरॉइड संप्रेरके पटलातून विसरणाने जाऊ शकतात, सल्फेट जोडलेल्या स्टेरॉइडांना वाहक प्रथिने लागतात, आणि काही पेशींत पंप काही स्टेरॉइडांना परत बाहेर टाकतात.’ सोबतच्या आकृतीत आत जाणाऱ्या एकाच बाणाशेजारी वाहकाचा आणि बाहेर टाकणाऱ्या पंपाचा बाणही काढावा. ग्रंथीच्या पेशीतून संप्रेरक ‘झिरपते’ असे दाखवणारा बाणही कीटकांच्या आकृतीत बदलावा लागेल. फळमाशीच्या अग्रवक्ष ग्रंथीत अ‍ॅटेट नावाचा पंप एकडायसोन आधी पुटिकांत भरतो आणि कॅल्शियम वाढले की त्या पुटिका पटलाला मिळून रिकाम्या होतात, हे २०१५ मध्येच दाखवले गेले आहे.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक अभ्यासक